सुपडीची मोगरी

"बाई, त्या सुपडीला आजच्या दिवस घरी पाठवा," भामरे गुरुजी मला फाटकातच म्हणाले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि हातात खराटा. मुख्याध्यापक स्वतः अंगण झाडतोय म्हटल्यावर मी समजलो, तपासणीचे साहेब आजच येणार.

समजलो म्हणतोय, समजले नाही. तेवढं आधीच सांगून टाकतो. मी गडहिंग्लजकडची. आमच्याकडं बाया 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डी.एड.ला मैत्रिणींनी हसून हसून बेजार केलं, पण जिभेची सवय ती, गेली नाही. नोकरी लागली ती थेट दुसऱ्या टोकाला, धुळ्याच्या पश्चिमेला, पांझरा नदीच्या पाटाकाठच्या एका वस्तीवर. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी. शिकवायला भामरे गुरुजी आणि मी. पहिल्या दिवशी मी वर्गात म्हणालो, "मुलांनो, मी लई लांबून आलो," तर दुसरीतल्या भटूनं शेजारच्या इंदूला विचारलं, ही बाई आहे का गुरुजी? ते विचारलं मात्र अहिराणीत. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही आणि मी त्याच्याकडं बघून गोड हसलो.

तर भामरे गुरुजी म्हणत होते, सुपडीला घरी पाठवा. दुसरीतल्या या पोरीनं जूनपासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीला हात वर करायची, पाटीवर अक्षरं सुरेख काढायची, पण बोलायला उभी केली की नजर पायाच्या अंगठ्यावर. गुरुजींचं म्हणणं, साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं तर शाळेची शोभा होईल. मला म्हणाले, बाई, मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, जाता जाता शेरा वाईट नको.

मी म्हणालो, "गुरुजी, आज ती थांबणार. तिच्या बापाला मी शब्द दिलाय."

तो शब्द असा. आदल्या आठवड्यात सुपडीचा बाप, वेडू बागूल, शाळेत आला होता. नावावर जाऊ नका, वेडू हे तिकडं चांगलं ठेवलेलं नाव आहे आणि माणूसही शहाणा होता. त्याची आधीची दोन बाळं गेलेली, म्हणून ही जन्मल्यावर तिला सुपात घातली आणि नाव ठेवलं सुपडाबाई. तिच्यावर त्याचा फार जीव. तो ओट्यावर बसला आणि शांतपणे म्हणाला, दिवाळीनंतर पोरगी पाठवत नाही, बकऱ्यांमागं जाईल. मी कारण विचारलं तर म्हणाला, बाई, घरी या पोरीच्या तोंडाची टकळी बंद होत नाही, झोपेतसुद्धा बोलते. तुमच्या शाळेत पाय टाकला की मुकी. संध्याकाळी घरी येते तेव्हा तासभर तशीच गप्प असते. पोरगी मुकी करणारी शाळा मला काय करायची?

घरी ती बोलते हेच मला नवीन होतं. मी त्याला म्हणालो की तपासणीला साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर ती बोलेल. का म्हणालो, कुणास ठाऊक. कोल्हापूरकडची जीभ, आधी चालते. वेडू उठला आणि म्हणाला, साहेबापुढं बोलली तर चौथीपर्यंत पाठवतो, नाही बोलली तर दुसऱ्या दिवसापासून बकऱ्या. एवढं ठरलं.

मग आठवडाभर मी सुपडीच्या मागं. 'माझे नाव सुपडा. मी दुसरीत शिकते. मला शाळा आवडते.' एवढी तीनच वाक्यं. ती माझ्याकडं मोठ्या डोळ्यांनी बघायची, ओठ हलायचे, आवाज नाही. मी तिला गूळ-शेंगदाणे दिले. मी रागावून बघितलं. एकदा तर मीच रडकुंडीला आलो, तेव्हा तिनं आपल्या फ्रॉकच्या टोकानं माझे डोळे पुसले. पण बोलली नाही.

शाळेत अहिराणी बोलायची नाही असा गुरुजींचा नियम होता. स्वतः गुरुजी घरी अहिराणीच बोलायचे. बायकोशी, गाईशी, कढईतल्या भाजीशीसुद्धा. पण शाळेच्या उंबऱ्याच्या आत आले की पुस्तकातलं मराठी. का, तेही त्यांनी मला सांगितलं होतं. लहानपणी वर्गात 'आहे'च्या जागी 'शे' म्हणाले म्हणून मास्तरांनी अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. आपल्या पोरांवर ती पाळी येऊ नये, म्हणून हा नियम. माणूस मनानं फार मऊ होता हो. मलासुद्धा त्यांनी हळूच सांगून ठेवलं होतं, बाई, साहेबांपुढं तेवढं 'आले, गेले' म्हणा.

साहेब आले. कारखानीस त्यांचं नाव, पुण्याकडचे विस्तार अधिकारी, नवीनच बदलून आलेले. मी मनात राक्षस रंगवला होता. निघाले ते सडपातळ, चष्मेवाले, अगदी हळू बोलणारे गृहस्थ. बोलणं मात्र असं की वाटावं, देवघरातून आलेत. पाणी पुढं केलं तर 'जल प्राशन करतो' म्हणाले नाहीत एवढंच. गुरुजींनी त्यांना आधी चौथीकडं नेलं. चौथीनं पाढे म्हटले, कविता म्हटली, गुरुजींचा सदरा पाठीला चिकटला होता तो जरा सुटला. मग साहेब माझ्या वर्गात आले.

दारात एक काळी बकरी उभी होती. ती सुपडीची, मोगरी तिचं नाव. रोज सकाळी सुपडीच्या मागोमाग शाळेपर्यंत यायची, थोडा वेळ आत डोकवायची आणि मग कुठंतरी निघून जायची. गुरुजींनी तिला हाकलायला हात उचलला, पण साहेब म्हणाले, असू द्या, छान आहे. ही शेळी कुणाची बरं, असं त्यांनी वर्गाला विचारलं. साऱ्या वर्गानं सुपडीकडं बोट केलं.

झालं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

साहेब थेट तिच्यापाशी गेले आणि चक्क तिच्यासमोर जमिनीवर बसले. नाव विचारलं, उत्तर नाही. घरी कोण कोण आहे विचारलं, उत्तर नाही. अंगठा आणि जमीन. मी मागून ओठांनी 'माझे नाव, माझे नाव' करत होतो, पण तिनं वर बघितलंच नाही. एवढ्यात दारातून मोगरी निघून गेली. साहेब रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं, राहू दे ते. मला एक कथा सांग."

सुपडीनं मान वर केली. सगळ्या वर्गासमोर, जूनपासून पहिल्यांदा.

"कथा?" ती म्हणाली.

"हो, कथा," साहेब म्हणाले.

तिनं रिकाम्या दाराकडं बघितलं, पुन्हा साहेबांकडं बघितलं. "कथा?"

"कथा, कथा," साहेबांनी मान डोलावली. वर्गात कुणीतरी फिसकन हसलं.

आणि पोरगी सुटली की. कालव्याचं दार उचलावं तशी सुटली. उभी राहिली, हात दाराकडं केला आणि म्हणाली, "ती आते पाटवर गयी व्हई." पुढं काय काय ते धडाधड अहिराणीत. आवाज खणखणीत, हातवारे, मध्येच डोळे वटारणं, मध्येच कुणाची तरी नक्कल. मी नुसतं बघत राहिलो. अहिराणी मला तोवर निम्मीशिम्मी कळायला लागली होती, पण या वेगानं नाही. पाट, कांदे, बैल एवढे शब्द हाती लागले. बोलतेय ना, मी मनात म्हणालो, मग काय वाटेल ते बोलू दे.

साहेबांना तर काहीच कळत नव्हतं. त्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींच्या कपाळावर घाम. शाळेच्या उंबऱ्याच्या आत, साहेबांच्या तोंडावर, अहिराणी. सुपडीनं ते तोंड बघितलं आणि ती एकदम थांबली. पुन्हा नजर खाली, पुन्हा अंगठा. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. उद्यापासून बकऱ्या.

मग भामरे गुरुजी दोन पावलं पुढं आले. त्यांनी घसा साफ केला. आणि शाळेत जो आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्या घरच्या आवाजात ते म्हणाले, "सांग वं माय. मंग काय व्हयनं?"

सांग गं बाई, मग काय झालं? एवढंच. पण सगळा वर्ग गुरुजींकडं बघायला लागला. सुपडी तर पार उजळून गेली. आणि पुन्हा सुरू.

साहेबांनी विचारलं, ही काय सांगते आहे? गुरुजी तोंड उघडणार त्याच्या आत इंदू उठली. मी सांगते, म्हणाली. लगेच भटू उठला, मी सांगतो. सुपडीनं दोन वाक्यं बोलायची आणि या दोघांनी ती पुस्तकाच्या मराठीत साहेबांना द्यायची, असं आपोआप ठरून गेलं. एरवी मराठीत एक धड वाक्य बोलायला लावताना या पोरांपुढं मी हात टेकायचो.

तर हकिकत अशी. मोगरी आधी पाटावर जाते. पाणी पीत नाही, पाण्यात आपलं तोंड बघते. तिथून दौलत पाटलाच्या कांद्यात शिरते. दौलत पाटील ढेकूळ फेकून मारतो. ते मोगरीला लागत नाही, त्याच्याच बैलाला लागतं. बैल दावं तोडून पळतो, बैलामागं पाटील पळतो आणि मोगरी निवांत कांद्याची पात खाते. इथं सुपडीनं दौलत पाटील धोतर सावरत कसा पळतो ते करून दाखवलं आणि अख्खा वर्ग लोळायचा बाकी राहिला. मग पोट भरलं की मोगरी मारुतीच्या देवळात जाते, आणि देवापुढं फोडलेल्या नारळाची वाटी खाते.

"शेळीने वाटी खाल्ला," भटू साहेबांना म्हणाला.

"खाल्ली," इंदू म्हणाली. "ती वाटी असते."

"पण खोबरं ते असतं."

"मग खोबरं खाल्लं म्हण. वाटी खाल्ला नाही म्हणायचं."

भांडण माझ्याकडं आलं. बाई, खाल्ला का खाल्ली? मी म्हणालो, खाल्ली. तर भटू मला म्हणाला, पण बाई, तुम्ही तर 'मी जेवलो' म्हणता. साहेबांसमोर माझं बिंग फुटलं. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, तुम्ही कोल्हापूरकडच्या का? मी म्हणालो, "हो, गडहिंग्लजहून आलो." गुरुजींनी कपाळाला हात लावला. साहेब हसायला लागले.

सुपडीला मात्र आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिची मोगरी देवळात होती. दुसऱ्या दिवशी गुरवानं बघितलं, देवापुढची वाटी रिकामी. त्यानं गावभर केलं की मारुतीनं नैवेद्य खाल्ला. मग काय, लोकांनी नारळांची रांग लावली. शनिवारी तर एवढे नारळ आले, की मोगरीचं पोट दुखलं.

भामरे गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. तपासणी नीट पार पडावी म्हणून शनिवारी नारळ ठेवणाऱ्यांत तेही होते, हे मला ठाऊक होतं. मी खिडकीकडं तोंड केलं आणि पदर तोंडात धरला.

"मग ती शेळी देवळात कुठे लपायची?" साहेबांनी विचारलं. आता तेसुद्धा त्यात पुरते शिरले होते.

सुपडी म्हणाली, घंटेखाली. तेवढ्यात दारातून जाड आवाज आला, "तठे नही वं. मारुतीना मांगे."

आम्ही सगळे वळलो. दारात वेडू उभा होता, हातात मोगरीचा कान. दौलत पाटलाच्या कांद्यातून ओढून आणली होती बहुतेक, तिच्या तोंडात अजून पात होती. तो किती वेळ तिथं उभा होता, देव जाणे. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की समोर साहेब आहेत, तेव्हा त्यानं जीभ चावली. पण सुपडीनं मान हलवली, बरोबर, मारुतीच्या मागं, आणि पुढची गोष्ट सुरू केली. मारुतीमागून मोगरी शिंकते, पूजेला आलेली बाई घाबरून पळते, आणि वेडू रात्रीचा जाऊन तिला गुपचूप घरी आणतो. लेकीनं बापाची गावापासून लपवलेली चोरी साहेबांना सांगितली आणि बाप मान डोलावत ऐकत होता.

संपलं तसा साहेबांनी उठून टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी गुरुजींना विचारलं, इतकी सुंदर कथा सांगता येते तर ही इतका वेळ गप्प का होती?

गुरुजी म्हणाले, "साहेब, तिनं कथा सांगितलीच नाही. आमच्या अहिराणीत कथा म्हणजे कुठे. तुम्ही विचारलं कथा, तिला वाटलं, बकरी कुठं गेली ते साहेब विचारताहेत. आमच्याकडं वाटेत कुणी 'कथा?' विचारलं, की सगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते बरं दिसत नाही."

साहेब 'कथा, कथा' असं स्वतःशीच पुटपुटले. मग असे हसले, असे हसले, की चष्मा काढावा लागला. "म्हणजे मी तिला चार वेळा विचारलं, कुठे, कुठे?" आणि पुन्हा हसले. गुरुजीही हसले. पोरं हसत होती ती वेगळ्याच कारणानं, मोगरीनं दारापाशी ठेवलेल्या साहेबांच्या पिशवीत तोंड घातलं होतं.

हसू ओसरल्यावर साहेब खुर्चीत बसले आणि गुरुजींना म्हणाले, या इमारतीत या मुलीला कळलेला हा पहिला प्रश्न असावा. तो मी विचारला, तोही चुकून. गुरुजींची मान खाली गेली, तशी साहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, भामरे, तुमच्याकडं दोन्ही भाषा आहेत, माझ्याकडं एकच. मग शाळेच्या भिंती रंगवून घ्या आणि एका बाजूला पोरांचा शब्द लिहा, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. पोरांनाच विचारून लिहा. पुढं त्या भिंती बघायला आसपासच्या शाळांतले मास्तर यायचे, आणि गुरुजी निवृत्तीनंतरसुद्धा खडू घेऊन त्यांना समजावत बसायचे. पण ते पुढचं.

त्या क्षणी माझं सगळं लक्ष वेडूकडं होतं. तो दारातच उभा. त्याला ठरलेली गोष्ट आठवत होती हे मला दिसत होतं, आणि मला विचारायचा धीर होत नव्हता. न जाणो, म्हणायचा, साहेबापुढं मराठीत बोलायचं ठरलं होतं. पोरगी बोलली ती घरचंच बोलली, त्यात शाळेनं काय केलं? आणि म्हणाला असता तर खोटं नव्हतं.

सुपडीही बापाकडं बघत होती. आता एवढं बोलून झाल्यावर तिला एकदम कळलं असावं की आपलं काय ठरायचंय.

वेडूनं मोगरीचा कान सोडला, गळ्यातल्या दोरीला हात घातला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरगी ऱ्हाऊ द्या, बाई. बकऱ्या मी सांभाळसू."

आणि मोगरीला ओढत तो निघून गेला. मोगरी जाता जाता दोनदा मागं वळून ओरडली. डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत, पुसायचे तरी कुणापासून लपवायला? गुरुजींचेही भरले होते.

साहेब गेले. शेरा काय लिहिला ते मी वाचलंही नाही, गुरुजी दोन दिवस तो वस्तीभर दाखवत फिरत होते यावरून काय ते समजा. जेवणाची सुट्टी झाली, पोरं जेवली, मी दुपारचा तास सुरू केला. फळ्यावर वजाबाकी लिहिली. सुपडीनं हात वर केला. बाई, पाट कुठून येतो? मी सांगितलं. पुन्हा हात. साहेब उद्या येणार का? नाही म्हणालो. पुन्हा हात नाहीच, आता थेट तोंड. साहेबांच्या घरी बकरी आहे का, बाई तुमच्या गावाला पाट आहे का, तुम्ही 'मी आलो' का म्हणता, तुमची आईपण 'मी आलो' म्हणते का, मग बाबा काय म्हणतात. अर्धं अहिराणीत, अर्धं मराठीत. मी उत्तर देईपर्यंत पुढचा प्रश्न तयार. एक वजाबाकी पुरी होईना.

शेवटी मी खडू खाली ठेवला.

"सुपडे," मी म्हणालो, "आता जरा गप बस की गं!"

शेजारच्या खोलीतून भामरे गुरुजींचा मोठ्ठ्यानं हसल्याचा आवाज आला. मलाही हसू आवरेना. सुपडी माझ्याकडं बघत होती, नवा प्रश्न घेऊन.